चिखलावरचा ठराव

त्या तळ्याच्या मुलखात ज्याचे पाऊल खोल उमटे, त्याचेच मत धरले जाई.

हा नियम कोणी घातला हे कोणाला ठाऊक नव्हते. ज्यांची पावले खोल उमटत त्यांनी कधी विचारले नाही, आणि ज्यांची उमटत नसत त्यांना विचारून उपयोग नव्हता. मार्गशीर्षात तळ्याचे पाणी मागे सरके आणि काठाला काळ्या चिकणमातीचा एक सपाट पट्टा उघडा पडे. त्याला पाट म्हणत. वर्षातून एकदा, पाट ओला असतानाच, सगळा मुलूख तिथे जमे आणि ठराव वाचला जाई. ज्यांना तो मान्य असेल ते करंजाच्या झाडाकडच्या काठावर उभे राहत, ज्यांना नको असेल ते समोरच्या काळ्या खडकाकडे. काठावरूनच प्रत्येकाने आपला पुढचा डावा पाय चिखलात एकदा रोवायचा आणि मागे सरकायचे. मग करकोचा पाटावर उतरे. तो फार जुना आणि फार निःपक्षपाती होता. त्याला दोन्ही बाजूंना सारखेच कमी दिसे. म्हणून तो प्रत्येक ठशात चोच घालून पाही. चोचीचे टोक बुडले तर मत, नाही तर नुसता चिखल.

या रीतीने गव्यांची चोवीस मते होत आणि सांबरांची अठरा. बिळात राहणारे ससे, खारी, मुंगसे, साळिंदरे आणि उंदीर गवतासारखे भरमसाट असूनही नऊच्या वर जात नसत. एक ससा कितीही आवेशाने नाचला तरी करकोच्याच्या चोचीला काही लागत नसे. तेव्हा बिळवाल्यांनी आपली एक तोड काढली होती. बारा सशांनी एकामागून एक नेमक्या त्याच जागी उडी मारायची, की एक मत तयार होई. उंदरांना त्यासाठी साठ लागत, आणि साठावा उंदीर येईपर्यंत पहिल्याचा ठसा बुजायला आलेला असे. नऊ मते उमटवायला बिळवाल्यांची अख्खी सकाळ जाई. गवे तोवर कडेला रवंथ करत बसत, आणि उड्या मारण्याची ही गंमत त्यांच्या वासरांना फार आवडे.

दर वर्षी पाटावरचे पहिले काम असे ते पाणवठ्याचा कारभारी निवडण्याचे. कोणी केव्हा पाण्यावर यायचे हे कारभारी ठरवी. गेली अकरा वर्षे हा मान सांबरांच्या म्होरक्याकडे होता. त्यांना सगळे अण्णा म्हणत. अण्णांच्या पुढच्या डाव्या खुराला एक खाच होती. तरुणपणी गव्याशी झुंजताना ती पडली असे ते स्वतः सांगत, आणि दगडावरून घसरून पडली असे त्यांची बहीण सांगे. बोलणे मात्र लाघवी. बिळाबिळापुढे गुडघे टेकून, मान वाकवून ते आत डोकावत आणि म्हणत, "शिंगं डोक्यावर आहेत म्हणून काय झालं? मन बिळातलंच आहे माझं." सांबरांची अठरा आणि बिळवाल्यांची नऊ मिळून सत्तावीस होत, म्हणजे गव्यांहून तीन जास्त. कारभार अण्णांकडेच राही.

कारभारी झाल्यावर अण्णा पहाटेची पहिली पाळी गव्यांना देत, त्यांच्या शेजारी सांबरांना उभे करत, आणि बिळवाल्यांना सांगत की हा उन्हाळा तेवढा निभावून न्या, पुढच्या वर्षी बघू.

खुरवाल्यांना उन्हाळा निभावणे सोपे होते. चैत्र संपता संपता तळे आटून एकच डोह उरे. पहाटे गवे त्यात उतरत ते दुपार टळेपर्यंत लोळत. ते उठल्यावर मागे जे राही त्याला पाणी म्हणायचे ते केवळ जुन्या सवयीने. भुरकी नावाच्या एका सशिणीने मागच्या वैशाखात ते पिऊन पाहिले होते. तिचे दूध आटले. पिल्लांना तिने डोहापर्यंत नेले तर त्यांना तो गाळ पचेना. चार पिल्ले होती, चारही गेली. भुरकीला दुःख झाले, आणि दुःखाहून जास्त राग आला. तो राग तिने पावसाळाभर सांभाळून ठेवला.

रागाने तिची बुद्धी बिघडली नाही, उलट नेमकी झाली. डोहाच्या पूर्वेकडे जांभळीची मुळे पाण्यात उतरत. तिथला एक कोपरा, एक गवा लोळेल एवढाच, चैत्र आणि वैशाख हे दोन महिने कुठल्याही खुराने तिथे उतरू नये, असा ठराव तिने मनात बांधला आणि ती आधी अण्णांकडे गेली.

अण्णांचे डोळे लगेच भरून आले. "अगदी माझ्या मनातलं बोललीस, पोरी. पण पाटावर नको आणूस. पडेल तो. एकदा पडलेला ठराव पुन्हा उभा राहत नाही. मी नाईकाशी आतून बोलतो."

गव्यांच्या मुख्याला नाईक म्हणत. भुरकी समाधानाने परत फिरली आणि अर्ध्या वाटेत थबकली. हेच वाक्य अण्णांनी तिच्या आईला सांगितले होते, आणि त्याआधी एका साळिंदराला. अण्णा अकरा वर्षे आतून बोलत होते.

तेव्हा ती घोरपडीकडे गेली.

घोरपड वारुळापलीकडच्या कपारीत राही. तरुणपणी तिने बिळवाल्यांची कितीतरी पिल्ले खाल्ली होती, त्यामुळे तिच्यावर विश्वास टाकायला बिळवाल्यांना दोन पिढ्या लागल्या. आता तिचे दात गेले होते आणि किड्यामुंग्यांवर भागत होते. राहिला होता तो चिवटपणा. तिने एकदा धरलेली गोष्ट सुटत नसे, आणि तिने पाटावरचे इतके ठराव पाहिले होते की करकोचासुद्धा अडले तर तिलाच विचारी.

"पडणार," भुरकीचे सगळे ऐकून घोरपड म्हणाली. "अण्णा खोटं बोलले नाहीत. पण कुणामुळे पडणार ते सांग बघू. गवे चोवीस. तुम्ही नऊ."

"सांबरांमुळे. ती आपल्याकडे आली तर सत्तावीस होतात."

"हे तुला कळलं. तुझ्या शेजारणीला कळलंय?"

"तिला वाटतं, अण्णा आपलेच."

"का वाटतं?"

भुरकीने विचार केला. "ते कधी नाही म्हणाले नाहीत म्हणून."

"त्यांना कधी कुणी विचारलंय, पाटावर उभं करून?" घोरपडीने एक मुंगळा टिपला आणि सावकाश गिळला. "ठराव मांड. जिंकायला नको मांडूस. तो पाडायला कोण कोण खडकाकडे जातं तेवढं दिसू दे. चिखल त्या दिवशी ओला असतो, आठवड्याभरात वीट होते, आणि पुढच्या पावसापर्यंत हलत नाही. पाण्यावर जायची तुम्हा सगळ्यांची वाट त्याच्याच कडेनं आहे."

भुरकीला ते पटले, आणि पटले म्हणून ती चिडली. "तुमची युक्ती पिकायला वर्ष लागणार. माझी पिल्लं येत्या चैत्रात होतील. त्यांनी वैशाखात काय प्यायचं? ठसे?"

घोरपड मुंगळ्यांच्या रांगेकडे वळली. 

ठराव येणार ही बातमी पसरली तशी अण्णांची झोप उडाली. सभेच्या आदल्या दिवशी ते भुरकीच्या बिळापाशी आले. या वेळी त्यांनी गुडघे टेकले नाहीत. "हे बघ, सरळ बोलतो. ठराव मागे घे. वैशाखात तू तुझी पिल्लं घेऊन आमच्या कळपात ये. माझ्या पोटाखाली उभी राहा. गवे उतरायच्या आधी तुमचं पाणी पिऊन होईल. कुणी काही बोलणार नाही. माझा शब्द."

भुरकीला माहीत होते की हा शब्द अण्णा पाळतील. तिच्या डोळ्यांसमोर डोहाचे नितळ पाणी आले आणि त्याला लावलेली चार तोंडे. तिचे कान आपोआप खाली पडले. नाही म्हणायला तिला फार जड गेले, हे सांगितलेच पाहिजे.

"आणि माझ्या शेजारणीची पिल्लं?" तिने विचारले.

"अगं, पोट एकच आहे माझं. त्याखाली सगळा मुलूख कसा मावेल?"

"मग पाटावरच बघू," भुरकी म्हणाली आणि बिळात जाऊन रडली.

दुसऱ्या दिवशी पाट लोण्यासारखा मऊ होता. रीतीप्रमाणे आधी कारभारी निवडला गेला. अण्णांच्या बाजूने सत्तावीस ठसे उमटले, त्यांत बिळवाल्यांचे नऊ होते. मग ते ठसे चिखलाने सारखे केले गेले आणि करकोच्याने भुरकीचा ठराव वाचला.

गव्यांमध्ये हसू फुटले. नाईकाला तर आनंदच झाला. बऱ्याच वर्षांत त्याला आपले वजन दाखवायची संधी मिळाली नव्हती. "जोरात द्या पाय!" तो ओरडला. "करकोचेबुवांना वाकायचे कष्ट नकोत!" चोवीस गवे खडकाकडच्या काठावर ओळीने उभे राहिले आणि त्यांनी गुडघ्यापर्यंत पाय घातले. चिखलातून ते उपसताना असा आवाज झाला की उंदीर दचकून मागे पळाले.

सांबरे मात्र मधल्या झुडपांत घोटाळत राहिली. तिघांचे पाय एकाएकी मुरगळले. एकाला आठवले की आपल्याला कालपासून बरे नाही. पण मुलखाचा दुसरा एक नियम होता, की जो पाय रोवणार नाही त्याची त्या वर्षीची पाळी सगळ्यांच्या शेवटी. तेव्हा सगळ्यांचे पाय बरे झाले. अण्णा पुढे आले. "भुरकीच्या भावनेला माझा पूर्ण पाठिंबा आहे," ते म्हणाले. "ही मागणी न्याय्यच आहे. तिची वेळ तेवढी चुकली आहे, आणि न्याय्य मागणी चुकीच्या वेळी मान्य करणं हा त्या मागणीवरच अन्याय आहे." असे म्हणून ते खडकाकडे वळले आणि त्यांनी खाचेचा खूर चिखलात रोवला. मागून सतरा सांबरांनी रोवले. मग सशांनी उड्या मारायला सुरुवात केली ती ऊन डोक्यावर येईपर्यंत.

बेचाळीस विरुद्ध नऊ. ठराव पडला. परतीच्या वाटेवर भुरकीची शेजारीण तिच्याशी बोलली नाही. अख्खी सकाळ नाचून शेवटी तोंडावरच पडायचे होते तर घरी काय वाईट होते, असे सगळ्या बिळांत बोलले गेले. आठ दिवसांनी पाट वाळला.

त्यानंतर जे घडले त्यात कोणी काही केले नाही; पाण्यावर जाण्याची वाट तेवढी होती. रोज सकाळ-संध्याकाळ बिळवाले त्या वाटेने जात आणि त्यांच्या डाव्या हाताला काळ्या खडकाच्या सावलीत बेचाळीस ठसे असत. पहिल्या महिन्यात कोणी पाहिले नाही. दुसऱ्या महिन्यात एका खारीने आपल्या पोरांना गव्याचा खूर आणि सांबराचा खूर यांतला फरक शिकवला, कारण शिकवायला इतकी चांगली जागा दुसरी नव्हती. पोरांनी मोजले. मोठे चोवीस, लहान अठरा. अठरांतल्या एकाला खाच होती.

माघात अण्णा नेहमीसारखे बिळाबिळांतून फिरायला निघाले. "त्या दिवशी मी मनानं करंजाकडेच उभा होतो," ते एका बिळापाशी म्हणाले.

"आणि पायानं?" आतून खारीने विचारले.

अण्णा हसले. "कुणी काही सांगितलं तरी ऐकू नये, ताई."

"सांगितलं नाही कुणी. खाचेचा खूर आहे तिथं."

"माती आहे ती. माती काहीही दाखवते."

पण त्या दिवसापासून अण्णांना दुसरे काही सुचेना. ज्या बिळापाशी ते जात तिथून पाट दिसे. एखादा ससा त्यांच्याकडे पाही तेव्हा तो आधी त्यांच्या पायाकडे पाही. फाल्गुनात एका दुपारी अवकाळी पाऊस शिंपडून गेला, पाटाची वरची माती मऊ पडली, आणि अण्णांना वाटले की देव पावला. भर दुपारी, सगळा मुलूख सावलीला डोळे मिटून पडला असताना, ते पाटावर उतरले.

आपला ठसा त्यांनी खुराने दाबला. तो बुजला, पण शेजारी नवा उमटला. त्यांनी तो दाबला. मग त्याच्या शेजारचा. आयुष्यभर ते काठावर उभे राहून एकदा पाय रोवणारे. चिखलात चालायचे कसे याचा त्यांनी कधी विचार केला नव्हता. घाबरून ते गोल फिरले आणि मागच्या पायांनी पुसू लागले. बाहेर पडले तेव्हा काळ्या खडकापाशी एकाच्या जागी बावीस खाचेचे ठसे होते, घाईमुळे पहिल्याहून खोल. त्यानंतर आठ दिवस कडक ऊन पडले. हात दाखवून अवलक्षण करून घेणे म्हणतात ते यालाच.

बिळवाल्यांनी ते पाहिले आणि पहिल्यांदा त्यांना हसू आले. गव्यांनीही पाहिले, पण नाईक हसला नाही. आपल्या शेजारी उभे राहिल्याची या गृहस्थाला लाज वाटते, हे त्याच्या नाकाला झोंबले. पहाटेच्या पाळीत त्याने सांबरांना डोहाच्या उथळ बाजूला ढकलले. अण्णांनी तक्रार केली नाही. ती कोणापुढे करायची हेच त्यांना कळेना.

चैत्रात भुरकीला तीन पिल्ले झाली. वैशाख लागला तसा डोह लहान होत गेला आणि गवे त्यात जास्त वेळ लोळू लागले. दुसऱ्या आठवड्यात तिचे धाकटे पिल्लू गेले. भुरकी घोरपडीच्या कपारीपाशी जाऊन उभी राहिली. 

"तुमचे ठसे शाबूत आहेत. माझं पिल्लू नाही. अण्णांच्या पोटाखाली गेले असते तर आज तिघंही असती. हे तुम्हाला माहीत होतं ना?"

"होतं," घोरपड म्हणाली. ती कपारीतून बाहेर आली आणि उन्हातून भुरकीच्या बिळापर्यंत चालत गेली. तिथे ती दारापाशी पडून राहिली. पूर्वी तिथे घोरपड दिसली असती तर सगळी वस्ती पळाली असती. त्या दिवशी शेजारीण बाहेर आली आणि तिच्याजवळ बसली.

तिसऱ्या दिवशी दुपारी वळीव आला. घटकाभर कोसळला आणि गेला. तापलेल्या जमिनीने तो सगळा पिऊन टाकला. संध्याकाळी पाहिले तर धूळसुद्धा नीट दबली नव्हती. डोहात चार बोटे पाणी चढले, ते गव्यांनी लगेच ढवळले.

सकाळी भुरकी पिल्लांना घेऊन रिकाम्या मनाने पाण्याच्या वाटेला लागली. पाटापाशी येताच थोरले पिल्लू थांबले. काळ्या खडकाच्या सावलीत, दोन महिने तापून विटेसारख्या टणक झालेल्या चिकणमातीत, ठसे काठोकाठ भरले होते. पाणी नितळ होते. तळ दिसत होता. करंजाकडचे नऊ ठसे उथळ, उन्हात असलेले, कधीच सुकून गेले होते. खडकाकडचे मात्र खोल होते आणि सावलीत होते. गव्यांनी गुडघ्यापर्यंत पाय घातले होते, करकोच्याला वाकायचे कष्ट पडू नयेत म्हणून.

गव्यांचे ठसे पिल्लांना फार खोल पडले. त्यांतून साळिंदरे आणि मुंगसे प्यायली. पिल्लांच्या तोंडाला बरोबर बसला तो सांबराचा खूर. थोरल्याने शोधून शोधून खाचेचा एक ठसा धरला, कारण खाचेपाशी काठ खाली उतरता होता आणि तिथे मान टेकता येत होती. ते प्यायले. त्याच्या मागे मधले प्यायले. भुरकीने दोघांना पिताना पाहिले आणि मग तिने स्वतःचे तोंड घातले. तिला घोरपडीला विचारलेला 'काय प्यायचं? ठसे?' हा प्रश्न आठवला आणि ती पिता पिता थांबून रडली, आणि पुन्हा प्यायली.

खबर कळून गवेही आले, पण एवढ्याशा ठशात त्यांची तोंडे जाईनात. नाईकाने एकदा नाक घालून पाहिले, शिंकला आणि निघून गेला. त्या वैशाखात आणखी दोनदा वळीव पडला. पाणी चार-पाच दिवस टिकायचे, संपता संपता पुन्हा भरायचे. त्या वर्षी बिळांमध्ये जेवढी पिल्ले जगली तेवढी कोणाच्या आठवणीत जगली नव्हती.

अण्णा बिळाबिळांतून सांगत फिरले की पाण्याची ही सोय त्यांच्याच पावलांनी झाली. यात खोटे काहीच नव्हते, आणि म्हणून ते ऐकताना खारींना इतके हसू येई की त्यांना बिळात तोंड लपवावे लागे. घोरपडीला मात्र पुष्कळांनी विचारले की हे तिला आधीपासून ठाऊक होते का. तिने कधी हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. ती डोळे मिटून उन्हात पडून राही.

पावसाळ्यात तळे भरले आणि पाटावरचे सगळे पुसले गेले. मार्गशीर्षात पाणी मागे सरकले तेव्हा चिकणमाती पुन्हा गुळगुळीत होती. मुलूख जमला. भुरकीने ठराव आणला होता, त्यात एक अक्षर बदलले नव्हते. या वेळी घोरपड स्वतः आली होती आणि तिने करकोच्याकडे एकच विनंती केली: आधी ठराव घ्यावा, मग कारभारी निवडावा. करकोच्याने बराच वेळ आठवून पाहिले. कोणते काम आधी घ्यायचे याचा नियम कधी झालाच नव्हता.

"घ्या आधी," तो म्हणाला.

बिळवाल्यांनी लगेच उड्या मारायला घेतल्या. नव्या पिल्लांचे पाय या वर्षी उड्यांना आले होते. करकोच्याने चोच घालत मोजले, तर नऊच्या जागी तेरा ठसे निघाले.

मग गवे खडकाकडे सरकले. नाईकाने आपल्या लोकांना हळू पाय द्यायला सांगितले. पहिल्या गव्याने हळू दिला. करकोच्याने चोच घालून पाहिली आणि मान हलवली, नुसता चिखल. नाईक चिखलाकडे पाहत राहिला. मत धरले जावे आणि पाणी साचू नये असा ठसा त्याला हवा होता, आणि तसा खूर कोणालाच नव्हता. शेवटी चोवीस गव्यांनी खोल पाय रोवले, पण त्या दिवशी त्यांच्यात कोणी हसले नाही.

सांबरांची पाळी आली. सतरा सांबरे अण्णांच्या मागे उभी होती आणि अण्णा सवयीने खडकाकडच्या काठावर गेले होते. समोर चिखल सपाट होता. पलीकडे करंजाखाली सगळे बिळवाले बसले होते. ते ओरडत नव्हते, काही मागत नव्हते. ते अण्णांच्या डाव्या पायाकडे पाहत होते. कारभारी निवडायचा अजून बाकी होता. अण्णांनी पाय उचलला.

घोरपडीने एवढे पाहिले आणि ती वळून आपल्या कपारीकडे चालू लागली. "थांबत नाही?" भुरकीने विचारले. "मोजणी राहिली आहे अजून."

"तू थांब," घोरपड म्हणाली. "मला मुंग्या शोधायच्यात."

भुरकीचे थोरले पिल्लू आता अंगाने भरले होते, पण त्याची सवय तीच होती. मोठी मंडळी कसल्या विचारात आहेत याकडे त्याचे लक्ष नव्हते. ते करंजाखालून निघाले, पाटाला वळसा घालून काळ्या खडकाच्या सावलीत आले आणि खाचेचा खूर जिथे अधांतरी थांबला होता त्याच्या बरोबर खाली, ओल्या चिखलाच्या कडेला, पुढचे पाय जुळवून बसले. मग त्याने मान वर करून त्या खुराकडे पाहिले, आणि जीभ बाहेर काढून ते वाट पाहू लागले.